तीन तांबे जारचं, एक तांब्या बोअरचं

झिंगे पाळणाऱ्या बाईला लातुरात कुणी शहाणी म्हणत नाही. काचेची पेटी घरात आली त्याच दिवशी शेजारीण दारातून डोकावली. "झिंगे पाळून राहिल्या का वो ताई? आमच्यात तर तळून खातेत." मी म्हणाले, "जरा मोठे होऊ द्या, मग बोलावते जेवायला." तेव्हा माझ्या तोंडात अशी उत्तरं अजून शिल्लक होती.

झिंगे माझ्यासाठी नव्हतेच, ह्यांच्यासाठी होते. माझ्या नवऱ्याचं आयुष्य डाळमिलमध्ये गेलं. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळं घरात साधा चहाही ते ओरडूनच मागायचे आणि मी त्यावरून रोज भांडायचे. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, घशात नुसती घरघर उरली. नांदेडच्या डॉक्टरांकडे आम्ही दर महिन्याला जायचो. ते सांगायचे, बोटं हलवायचा प्रयत्न करा. हे छताकडं बघत पडून राहायचे. मी त्यांची बोटं चोळली, हातात चेंडू दिला, रागावले, पायाशी बसून रडलेसुद्धा. सहा महिन्यांत एक बोट हललं नाही.

एकदा दवाखान्यातून बाहेर पडलो तर भाड्याची गाडी अजून आलेली नव्हती आणि ऊन तापलेलं. समोरच्या शोभेच्या माशांच्या दुकानदारानं ह्यांची चाकाची खुर्ची आत सावलीला घेतली. तिथं एका पेटीत लालचुटूक झिंगे होते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडेच मोठे. पुढच्या बारीक पायांनी शेवाळ वेचायचे आणि तोंडात घालायचे, न थांबता. ह्यांची नजर त्यांच्यावर खिळली. एक झिंगा काचेवरून सरकत गेला आणि त्याच्या मागोमाग ह्यांच्या उजव्या हाताची तर्जनी मांडीवरच्या चादरीवरून उचलली गेली. मी श्वास रोखून बघत राहिले. मग बारा झिंगे आणि ती पेटी द्यायला सांगितली, बाहेर जाऊन गाडी बघून आले आणि ते सगळं घेऊनच निघाले. अहमदपूर मागं पडेपर्यंत मी ती पाण्याची पिशवी पदराखाली धरून बसले होते, ऊन लागू नये म्हणून.

निघताना दुकानदार म्हणाला होता, "पाणी तेवढं सांभाळा भाभी, बाकी हे जीव काही मागत न्हाईत." लातूरच्या बाईला पाणी सांभाळायला सांगणं म्हणजे काय, हे त्याला बहुधा ठाऊक नसावं.

आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. रोजच्या वापराला बोअर. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. डाळीच्या गावात राहून डाळीसाठी जारचं पाणी विकत घ्यावं लागतं. मी पहिल्यांदा पेटीत बोअरचंच भरलं. तीन दिवसांत चार झिंगे गेले. जारवाल्यानं त्याच्या पेनासारख्या मीटरनं त्या पाण्यातले क्षार मोजले आणि मीटर माझ्या डोळ्यापुढं धरला. "ह्यात माणूस कसा जगून राहिला तेच नवल हाय, ताई."

मग मी पेटीत सगळं जारचं पाणी घातलं. थंडगार जार आणायचा, त्याचा गारठा संध्याकाळपर्यंत जाऊ द्यायचा आणि हळूहळू ओतायचं. जितकं शुद्ध तितकं चांगलं, हेच जन्मभर ऐकलेलं. आम्ही स्वतः त्या दिवसांत जारचं पाणी पुरवून पुरवून प्यायचो. पंधरा दिवस बरे गेले. मग एक झिंगा कात टाकता टाकता अर्ध्यावर अडकून मेला, पुढं दुसरा, तिसरा असे आणखी दोन तसेच. ह्यांची तर्जनी पुन्हा चादरीवर पडून राहू लागली. मी नांदेडला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "निव्वळ जारचं, मशीनचं पाणी घातलं का? भाभी, मशीन त्यातलं समदं काढून टाकतंय. मग त्यांचं कवच कशानं बनणार? थोडं बोअरचं खारं पाणी मिसळा." आता हातात पाच झिंगे उरले होते आणि मला कुणावर चिडावं ते कळत नव्हतं, म्हणून मी जारवाल्यावर चिडले.

शेवटी त्याच्याच मीटरनं माप बसलं. तीन तांबे जारचं, एक तांब्या बोअरचं. बादलीत मिसळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी थोडं थोडं पेटीत सोडायचं. हे सगळं मी ह्यांच्या खाटेशी बसून करायचे, त्यांना दिसेल असं. पाचही झिंगे तरारले. एकीच्या पोटाखाली बारीक पिवळी अंडी दिसू लागली. सकाळी मी विचारायचे, "अहो, किती आहेत?" ते तर्जनी पाच वेळा उचलायचे. एखादा झाडामागं लपला तर चार वेळा उचलून थांबायचे, वाट बघायचे, आणि तो दिसला की पाचव्यांदा. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही इतकं शांतपणे कधी बोललो नव्हतो. मला वाटू लागलं, माणूस परत येतोय.

मे महिन्यात बोअर आटला. मग मी एक तांब्या बोअरच्या जागी नळाचं घेऊ लागले. त्या आठवड्यात नळाला आलं ते चहासारखं गढूळ. बादलीत मिसळलं तर सगळी बादली गढूळ झाली. आमच्याकडच्या बाया अशा वेळी विचार करत नाहीत. फळीवरची तुरटी हातात येते, पाण्यात सात-आठ वेढे फिरते आणि गाळ खाली बसतो. हंडा असो, पिंप असो, हात आपोआप फिरतो. माझाही फिरला.

तेवढ्यात खाटेचा लोखंडी दांडा वाजला. मी वळून बघितलं तर ह्यांचा उजवा हात, अख्खा हात, कोपरापासून उचलला होता आणि ते तो दांड्यावर आपटत होते. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. घशातून मोठा आवाज येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुरटी माझ्या हातातून पडली. मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. अहमदपूरच्या नणंदेला फोन लावला आणि तिला तो दांडा वाजताना ऐकवला. "खरंच का वयनी? लई चांगलं झालं बघा. देवापुढं साखर ठेवा," ती म्हणाली. मी साखर ठेवली. ते थांबेनात, तेव्हा मी म्हणाले, "पुरे आता, दमाल." त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांनी उशीवर दाबून धरला, त्यातलं बळ संपेपर्यंत.

मग नितळ झालेलं पाणी तांब्यातांब्यानं पेटीत ओतलं. आनंदाच्या भरात रोजच्यापेक्षा जास्तच ओतलं.

दुपारी झिंगे वेड्यासारखे काचेवर धडकू लागले. नंतर एकेक करून आडवे झाले. अंडीवाली सगळ्यात शेवटी गेली. मी पुन्हा नांदेडला फोन केला आणि काय काय केलं ते सांगितलं. दुकानदारानं आधी तुरटी किती फिरवली ते विचारलं. मग म्हणाला, "तुरटी न्हाई चालत, भाभी. मी त्या दिवशी भाईजानला सांगितलं होतं की. मीठ, साबण, तुरटी, काहीच लागू देऊ नका म्हणून. तुम्ही बाहेर गाडी बघून राहिल्या होत्या."

मी फोन ठेवला आणि ह्यांच्यापुढं जाऊन बसले. "अहो, तुम्ही मला थांबवत होता का?" ते छताकडं बघत होते. मी पाया पडले, पण त्यांनी मान वळवली नाही.

पुढच्या महिन्यात मी आणखी बारा झिंगे आणले. पाणी तसंच मापानं केलं, आणि ते जगलेत, वाढलेत, आता पिलंही आहेत. हे मात्र पेटीकडं बघत नाहीत. मी किती आहेत म्हणून विचारते आणि मीच मोजते. डॉक्टरांनी हात तपासला, सुईनं टोचून बघितलं. ते म्हणाले, "हात हलू शकतो. ह्यांना काही सांगावंसं वाटलं की हलेल." मी मान हलवली आणि ह्यांना गाडीकडं घेऊन आले. ज्या दिवशी त्यांना सांगावंसं वाटलं होतं, त्या दिवशी तो हात मीच दाबून धरला होता, आणि हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही.