धाकटीचं माहेर उंचावर

माझ्या धाकट्या जावेचं माहेर कळंब्याला, उंचावर. हे काही तिचं कर्तृत्व नव्हे, तिच्या आजोबांनी तिथं जागा घेतली एवढंच. पण पावसाळा लागला की ही अशा तोऱ्यात वावरते, जसा तो चढ हिनंच घमेली वाहून रचलाय. आमचं घर पंचगंगेच्या अंगाला. घर एकच, मधे भिंत. अलीकडं मी थोरली, पलीकडं ती. आणि माझं माहेर? शिरोळ तालुक्यात, तेही नदीकाठालाच. म्हणजे पूर आला की माझं सासर आणि माहेर एकदमच पाण्यात. मग बाईमाणसानं जायचं कुठं?

दोन हजार पाच सालच्या पुरात ती या घरात आलीच नव्हती, मी होते. पाणी ओसरल्यावर सासऱ्यांनी सोप्यातल्या खांबावर, पाणी जिथवर चढलं होतं तिथं, तांबड्या ऑइलपेंटनं रेघ मारली. आमच्या गल्लीत घरोघरी अशी रेघ आहे. पावणं आलं की चहाच्या आधी ती दाखवायची, "हितवर आलतं बघा!" पुढं आमचा सगळा संसारच त्या रेघेच्या हिशोबानं लागला. फडताळ रेघेच्या वर, वर्षाच्या चटणीची बरणी तर त्याच्याही वर. माझ्या आईच्या घरातही रेघ होती, तिच्या खाटेच्या बरीच खाली. त्यामुळं आई निर्धास्त.

धाकटीनं मात्र त्या रेघेला कधी जुमानलंच नाही. तिची आत्ती गगनबावड्याला दिलेली, घाटमाथ्यावर; तिकडं पडलेला पाऊसच पुढं आमच्या नदीला येतो. जुलै लागला की ही रोज सकाळी तिला फोन लावणार. "आत्ती म्हणतीया, काल दिसभर दार उघडता आलं न्हाय, एवढा झोडपतोय." झालं! लगेच चटणीची बरणी, पोरांची दप्तरं, शिलाई मशीन, सगळं टेम्पोत घालून कळंब्याला रवाना.

"अगं, रेघ हाय की," मी म्हणायचे.

"अक्का, ती मागल्या पाण्याची रेघ हाय. पुढल्या पाण्याला कोण सांगणार, हितंच थांब म्हणून?"

सासूबाई लगेच मान डोलवायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शहाणी! माहेर उंचावर असलं की शहाणपण सुचतंच, असं मी आमच्या ह्यांना म्हणायचे, भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं.

एकोणीसला पाणी रेघेला लागलं. आम्ही दोघं नवरा-बायको खांबापुढं उभं राहून बघत होतो. "थांबतंय आता," हे म्हणाले. कशाचं थांबतंय! रेघ बुडाली, फडताळ बुडालं, एवढ्या हिशोबानं वर ठेवलेली माझी चटणी बुडाली. आम्हाला नावेतून काढलं. मी शाळेत राहते म्हणून हट्ट धरला, पण ह्यांनी ऐकलं नाही. नेलं कळंब्यालाच.

जावेच्या आईनं काही म्हणता काही कमी केलं नाही. कोरडी साडी, गरम भाकरी, बसायला घोंगडं. तेच तर सोसत नव्हतं. धाकटी आपल्या आईपुढं बसून डोक्याला तेल चोळून घेत होती, भर पुरात! आणि माझी आई कुठं होती, होती की नव्हती, तेच मला ठाऊक नव्हतं. फोन लागत नव्हता. ती खाट सोडायला तयार नव्हती, शेजाऱ्यांनी उचलून नावेत घातलं, हे सगळं मागाहून कळलं. देवानं हिला सगळं उंचावर दिलं आणि माझं सगळं नदीत ठेवलं, असं वाटून पोटात नुसती आग पडायची.

म्हणून एकवीसच्या जुलैत मी लाज सोडली आणि आपणहून धाकटीला विचारलं, "आत्ती काय म्हणतीया?" आत्ती जे म्हणाली ते ऐकून माझंही सामान तिच्या टेम्पोत चढलं. कळंब्याला पोचल्या पोचल्या मी आईला फोन लावला. "आई, आजच्या आज नीघ. हायवेवर पाणी आलं की तू तिकडंच अडकशील."

"मला काय हुतंय? मागल्या पुराची नवी रेघ मारलीया की गं. आता खाटच माळ्यावर चढवून घेतली. तितवर न्हाय येत पाणी."

मी ओरडले, शपथा घातल्या, रडले. "तू ल्हानपणापासनं भित्रीच," म्हणून तिनं फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेवढ्यात धाकटीनं माझ्या हातातला फोन काढूनच घेतला.

"मावशी, मी तुमच्या लेकीची जाऊ बोलतीया. मागल्या पुरात ही आमच्या आईच्या उंबऱ्यावर बसून असायची, फोन कानाला लावून. जेवाय हाक मारली की यायची, आणि भाकरी पदराखाली नेऊन कुत्र्याला घालायची. तुमचा फोन लागला त्या दिशी न्हाणीत जाऊन रडली. तुमास्नी सांगितलंय का तिनं? न्हाय सांगणार. आता परत तिला तिथं बसवू नगासा."

मला वाटलं होतं, कुणीच बघितलं नाही. मग पलीकडनं आईचा आवाज आला, "भाच्याला गाडी बघाय लावते."

त्या पुरात पाणी आईच्या नव्या रेघेच्या खालीच राहिलं. पण मातीची भिंत भिजून खचली आणि माळा खाटेसकट खाली आला. हे नंतरचं. त्या संध्याकाळी आई गाडीतून उतरली, माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली, "ती कुठं हाय?" धाकटी पुढं आली. आईनं तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तू बोललीस म्हणून आले बघ."

मी आईची पिशवी धरून उभी. मला रडू फुटलं. धाकटीला वाटलं, आनंदानं रडतीया. निम्मं आनंदाचंच होतं. पण मी घसा फोडून बोलावलं तेव्हा आई आली नाही, आणि माझंच दुःख हिच्या तोंडून ऐकून आली, हे काही अजून माझ्या गळ्याखाली उतरत नाही.