शिंपीकाकांची सैल बटणं

शिंपीकाकांची नजर गेली, अशी आवई आमच्या गल्लीत उठली होती. त्यांनी लावलेली बटणं आठवड्यात गळायची ना! पण नजर चांगली शाबूत होती. बायको वारली, मुलगा दूर राहायला गेला आणि घरात बोलायला शिलाई मशीनशिवाय कोणी उरलं नाही. म्हणून काका शेवटच्या बटणाच्या दोऱ्याला मुद्दाम गाठ मारत नसत. बटण तुटलं की गिऱ्हाईक परत येईल, घटकाभर बसेल, एवढीच आशा. झालं उलटंच! गिऱ्हाइकं दुसऱ्या शिंप्याकडे वळली. दिवसभर दार उघडं आणि आत चिटपाखरू नाही. तोच एक कोट घेऊन दर आठवड्याला यायच्या त्या फक्त निवृत्त नर्सबाई. त्याही एकट्याच राहणाऱ्या.

मी बाईंना डिवचलं, "अहो, काकांची लबाडी कळली नाही का तुम्हाला?"

"पहिल्याच खेपेला कळली. पण मला तरी दुसरं कोण 'बसा' म्हणतं?"

मला कुठलं राहवतंय! तडक काकांकडे गेले. "काका, बाईंना सगळं ठाऊक आहे हो. आता तरी पक्की गाठ मारा."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मारतो की. पण मग पुढच्या आठवड्यात त्या कशाला येतील, ते तूच सांग, चोंबडे!"