कासीमभाईचा फेसाचा पंप

आधीच सांगून ठेवतो, मला हे फेसाचं खूळ कधीच पटलं नाही. गाडी धुवायची म्हणजे बादली, फडकं आणि दंडात जोर, एवढं बास झालं. आमच्या डेपोत अख्खी एसटी धुतली जायची, तिला कुणी दाढीचा साबण लावत बसत नव्हतं. पण कासीमभाईच्या डोक्यात एकदा पंप शिरला, आणि त्या पंपापायी ऐन उन्हात मला मंगळवार पेठ पालथी घालावी लागली.

कासीमभाई एसटीचा ड्रायव्हर आणि मी, त्रिंबक, त्याचा कंडक्टर. सोलापूर-अक्कलकोट रूटवर आम्ही इतकी वर्षं काढली की आमच्या बायका आम्हालाच नवरा-बायको म्हणायच्या. रिटायर झाल्यावर घरंही एकाच कॉलनीत घेतली, विजापूर रोडच्या आतल्या अंगाला, भिंतीला भिंत लावून. तो मला अजून 'मास्तर'च म्हणतो. एसटीत कंडक्टरला तसंच म्हणतात. आमच्या हिला त्याचं लई हसू येतं.

रिटायर झाल्यावर त्यानं एक जुनी पांढरी गाडी घेतली. कॉलनीत कुणाला अक्कलकोटला मठात जायचंय, कुणाला वळसंगला साखरपुड्याला, की कासीमभाई चावी फिरवत दारात हजर. पैशासाठी नाही हो, डिझेल घातलं की तो खूश. हातात स्टिअरिंग नसलं की त्या माणसाला घास उतरत नाही. मुमताजभाभी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "यांच्यापुढं ताट नका ठिवू, स्टेरिंगच ठिवा."

आणि अशा माणसाला काचबिंदू झाला. समोरचं दिसतं, पण कडेचं हळूहळू पुसत जातं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंब घालून सांभाळायची. गाडीचं विचारलं तर म्हणाले, सध्या दिवसाउजेडी, जवळपास चालवा, पुढच्या तपासणीला मशीनवर बघून ठरवू. कासीमभाईनं त्यातलं 'चालवा' एवढंच ऐकलं. घरी येताना तो शिट्टी वाजवत होता आणि मला त्याचा राग येत होता.

पण घरात आरजू होती. आरजू त्याची एकुलती एक लेक, उर्दू शाळेत गणित शिकवते. शाळेतली पोरं तिला टरकून असतात, आणि खरं सांगायचं तर बापही. तिच्या ध्यानात आलं की अब्बा गाडी धुतात, पण डाव्या दाराखालचा चिखल तसाच राहतो. मागच्या चाकावरचाही राहतो. हा माणूस आयुष्यभर गाडीवर माशी बसू द्यायचा नाही, आणि त्याला चिखल दिसत नाही?

तिनं भांडण केलं नाही. सरळ चावी काढून घेतली असती तर बाप अन्न सोडून बसला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं परीक्षाच लावली. म्हणाली, "अब्बा, तुम्ही एकट्यानं गाडी धुवायची. कुणी हात लावायचा नाही, कुणी बोलायचं नाही. नंतर मी पांढरा रुमाल घेऊन चारी बाजूंनी फिरणार. चिखल निघाला तर चावी माझ्याकडं. नाही निघाला तर पुढच्या तपासणीपर्यंत मी तोंड उघडणार नाही."

कासीमभाई लगेच हो म्हणाला आणि तसाच तडक माझ्याकडं आला. तोंड एवढंसं झालेलं.

"मास्तर, चावी गेली तर मी काय करू सांग. घरात बसून भिंती बघू? त्याबी निम्म्याच दिसत्यात."

मी म्हटलं, "हात्तिच्या, एवढंच ना! मी पायरीवर बसतो की. कुठं राहिलं तर पेल्यावर एकदा वाजवतो, झालं की दोनदा. आपली बेलच ती. आरजूला काय कळतंय?"

त्यानं मला मध्येच तोडलं. "बेलवर धुतली तर तू धुतलीस, मी न्हाय. मी आजवर तुझ्या बेलवर गाडी सोडली, पण चालवली माझ्या डोळ्यानं."

मग त्यानंच तोड काढली. कुठल्याशा पोरानं मोबाईलवर त्याला हातपंपाचा व्हिडिओ दाखवला होता. डब्यात पाणी आणि शाम्पू घालायचा, दट्ट्यानं हवा भरायची, खटका दाबला की गाडी फेसानं पांढरी. "डोळ्याचं काम हाताला लावतो," तो म्हणाला. "फेस हाय तितं हात घसरतो. फेस न्हाय तितं खरबरीत लागतं. सगळ्या गाडीवर फेस बसवायचा आणि हातानं वाचत जायचं. फकस्त फेस ठरला पायजे मास्तर, माझा हात पोचेपर्यंत."

मला ते ऐकून कसंतरीच झालं. पण वरून मी त्याला वेड्यात काढलं आणि चप्पल घातली.

पहिला पंप कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतून आणला. गुलाबावर पाणी मारायचा तो, लिटरभराचा. प्रत्येक फवाऱ्याला घोडा दाबायचा. अर्धं दार होईस्तोवर कासीमभाईची बोटं आखडली, आणि फेस म्हणावा तर नुसता ताकावरचा बुडबुडा. त्यानं तो पंप मुमताजभाभीच्या तुळशीला, नव्हे, पुदिन्याला देऊन टाकला. तुळस आमची, पुदिना तिचा, दोन्ही कुंड्या एकाच कठड्यावर असतात म्हणून माझी गफलत होते.

दुसरा हिरवा. त्याचा डबा मोठा, टोपणातच दट्ट्या. हवा भरून ठेवली की अंगठ्यानं खटका नुसता दाबून धरायचा, बोटांना त्रास नाही. मला तो पसंत पडला. फेसही लांब जायचा. पण दारावर मारला की पातळ होऊन सरसर खाली उतरायचा. कासीमभाईचा हात मागच्या चाकाशी पोचतोय तोवर तिथं काही उरलेलं नसायचं. तो पंपाला शिव्या घालत होता, तेवढ्यात भाभी आतून ओरडली, "पंपाला कशाला बोलता? बोअरचं पाणी घातलंय तुमी. त्यात कपड्याला फेस येत न्हाय, गाडीला येतोय व्हय?"

खरंच होतं की! आमच्या बोअरचं पाणी खारं. मग नळाच्या पाण्याची वाट बघणं आलं. सोलापुरात नळाला पाणी येणं म्हणजे घरात कार्य असल्यासारखंच, पिंप, घागरी, पातेली, वाट्यासुद्धा भरून घेतो आम्ही. त्यातली अर्धी बादली भाभीनं त्याच्यासाठी काढून ठेवली आणि वरती ताट झाकलं. कुणाला हात लावू देईना. नळाच्या पाण्यानं हिरव्याचा फेस बरा आला, पण ठरेना तो ठरेनाच.

शेवटी मंगळवार पेठ धुंडाळत चनबसप्पाच्या दुकानात पोचलो. डाळिंबावर फवारायचे पंप विकणारा माणूस, पण गाडीचेही ठेवतो. त्यानं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि एक पिवळा पंप पुढं ठेवला. तोटी रुंद, आत बारीक जाळी. कासीमभाईनं हिरवाही पिशवीतून आणला होता; म्हणाला, दोन्ही मारून दाखवा, हिरवा आणि पिवळा, शेजारी शेजारी.

चनबसप्पानं शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यावर दोन चट्टे मारले. हिरव्याचा फेस बघता बघता ओघळला. पिवळ्याचा जाडजूड, तिथंच चिकटून बसला. कासीमभाई शटरला नाक लावून उभा. मग तळवा फिरवला, थांबला, परत फिरवला. रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

"येनप्पा, काय हे," चनबसप्पा हसत म्हणाला, "गाडी धुवायचीय का तिच्याशी लगीन लावायचंय?"

मी खेकसलो, "तुम्ही पंप बांधा हो, उगीच चौकशा नकोत." बिचारा पंप बांधायला लागला. त्याला काय ठाऊक!

पिवळ्याच्याही खोडी होत्या. भरला की जड. हवा लवकर उतरायची, परत परत दट्ट्या मारावा लागायचा. शाम्पू जास्त झाला की जाळी तुंबायची. कासीमभाईनं माझ्या काळ्या स्कूटरवर सराव करून सगळं बसवलं. शाम्पू किती, हवा किती, सावली कुठवर असताना सुरू करायचं, कारण आमच्या उन्हात फेस वाळला तर डाग पडतात. माझी स्कूटर लग्नातल्या घोड्यासारखी चमकायला लागली आणि आमची ही विचारायला लागली, "कुटं निगालाय सजून?"

परीक्षेच्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. आरजू रजा काढून दारात खुर्ची टाकून बसली, मांडीवर रुमाल आणि निकालापर्यंत ठेवून घेतलेली चावी. मी माझ्या पायरीवर. बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून मी तोंडात सुपारी टाकली.

कासीमभाईनं दट्ट्या मारला आणि टपापासून सुरुवात केली. मग बॉनेट, मग उजवी बाजू. एका हातात पंप, दुसरा हात गाडीवरून फिरतोय, डोळे जवळजवळ मिटलेले. गड्यानं काय काम केलं महाराजा! दाराच्या खाचा, चाकाच्या वरची कमान, नंबरप्लेटीची मागची बाजू, काही सोडलं नाही. मला वाटलं उठून टाळ्या वाजवाव्यात. आरजूच्या चेहऱ्यावरही जरा मोकळेपणा आला.

मग तो मागून वळून डाव्या बाजूला आला. मागच्या दारावर फेस मारला, पुढच्या दारावर मारला, आणि तसाच खटका दाबून पुढं सरकत राहिला.

"अजी! होली खेलतैं क्या बुढापे में!"

मुमताजभाभी. डोक्यापासून कमरेपर्यंत फेसानं माखलेली, डोळे गच्च मिटून खदाखदा हसत उभी. गाडीच्या डाव्या आरशापाशी, ते तिचं नेहमीचंच ठिकाण. लग्न झाल्यापासूनची रीत त्यांची, गाडी यानं धुवायची आणि काचा तिनं पुसायच्या. आधी स्कूटर होती, तेव्हा तिचा आरसा पुसायची. कोरडं फडकं घेऊन येते आणि तिथं उभी राहते, हाक मारत नाही, याला सांगावं लागत नाही. त्या दिवशी काचा पुसायच्या नव्हत्या, पण सवयीनं पाय तिथं आले होते.

मीही हसलो. आरजूही हसली. भाभीच्या नाकाच्या शेंड्यावर फेसाचा गोळा, कुणाला हसू येणार नाही! कासीमभाई तेवढा हसला नाही. त्यानं पंप खाली ठेवला, चाचपत तिच्या ओढणीचं टोक घेतलं आणि तिचे डोळे पुसले. मग उरलेली गाडी धुतली, पाणी मारलं, कोरडी केली.

आरजू उठली. रुमाल घेऊन फिरली, वाकून दाराखाली घातला, चाकांच्या मागं घातला. डाव्या बाजूला तर दोनदा. रुमाल ओला झाला, पण पांढराच राहिला. तिनं चावी काढून बापाच्या तळहातावर ठेवली.

"पास, अब्बा."

मी सुपारी थुंकून ओरडलो, "शाब्बास रे माझ्या ड्रायव्हर!"

त्याची मूठ काही मिटेना. चावी तळहातावर तशीच. तो म्हणाला, "मुमताज कुटं हुबी होती?"

"आरशापाशी," मी म्हटलं. "नेहमीच्या जागी."

"किती लांब?"

हात लांब केला असता तर तिला लागला असता, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

भाभीचं हसू विरलं. केसांत अजून फेस होता. ती घाईघाईनं म्हणाली, "माझंच चुकलं. मी गुपचूप आले. आवाज द्यायला पायजे होता."

"रस्त्यावर कोन आवाज देतं, मुमताज?" तो इतक्या हळू म्हणाला की मला पायरीवरून उठून जवळ यावं लागलं. "हातात पंप होता म्हनून फेस उडाला. एवढी माझी बायको, आणि मला दिसली न्हाय."

मी म्हटलं, अरे परीक्षा गाडीची होती, गाडी चकाचक आहे, कशाला भलतं काढतोस. माझा आवाज मलाच खोटा वाटला. आयुष्यभर या माणसाच्या मागं निर्धास्त बसलो मी, अंधारात, पावसात, डुलक्या काढत. त्याच्या हातातली चावी बघून मला त्या वेळी भीती वाटली, आणि भीती वाटली याचं इतकं वाईट वाटलं की मी तोंड फिरवलं.

त्यानं चावी आरजूच्या हातात ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हातानं एकेक करून मिटवली.

शाळेतल्या पोरांना रडवणारी ती पोरगी मटकन पायरीवर बसली आणि ढसाढसा रडायला लागली. कासीमभाई तिच्या शेजारी बसला, अंदाजानं तिचं डोकं शोधलं आणि त्यावर ओला हात ठेवला.

"आगं, पास झालो की मी," तो म्हणत होता. "पास झालो. रडतीस कशाला?"