येतो, पावणं

घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुत्र्याला ते शिकवणारे मात्र माझे वडीलच.

नव्वदच्या दशकात आम्ही कसबा बावड्यात राहायचो. वडील साखर कारखान्यात फिटर होते. एकदा एक कुत्रा त्यांच्या सायकलीमागनं थेट घरी आला. 'आलाय तर बसा, पावणं,' वडील म्हणाले आणि तेच त्याचं नाव पडलं. पाहुण्यानं ठिय्याच मारला. वडिलांवर त्याचा असा जीव, की ते कामावर निघाले की घर डोक्यावर घ्यायचा. दार खरवडून नख्यांतून रक्त काढायचा. आई शेजारी बसली तरी भाकरीला तोंड लावायचा नाही. शेजारीण म्हणाली, 'कुत्रं हाय का सासरी निघालेली पोरगी?'

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडं थोडं सोडून जायची सवय करा. मग सुट्टीच्या दिवशी वडील कामाचे कपडे चढवायचे, सायकल काढायचे, त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'येतो, पावणं' म्हणायचे आणि कोपऱ्यावरून परत यायचे. पुन्हा 'येतो', मग पानपट्टीपर्यंत, मग कारखान्याच्या फाटकापर्यंत. सगळी गल्ली हसायची.

'कामाला चाललाय का उंबरा झिजवाय लागलाय?' आई विचारायची.

'माणूस परत येतंय हे त्याला कळाय पायजे की,' वडील म्हणायचे.

कळलं त्याला. 'येतो' ऐकलं की तो उंबऱ्यावर हनुवटी टेकून गुमान पडून राहू लागला. न सांगता गेले तर मात्र पहिले पाढे पंचावन्न.

काही वर्षांनी, सकाळी 'येतो' म्हणून गेलेल्या वडिलांना दुपारी गाडीतून आणलं. कामावरच छातीत कळ आली होती. अंगणात ठेवलं तसा तो शेपूट हलवत आला आणि त्यांचे तळपाय चाटू लागला. त्याच्या लेखी ते सांगितल्याप्रमाणे परत आले होते. शेवटी त्याला ओढून दाराशी बांधावं लागलं.

तिरडी उचलली तेव्हा मी पुढं मडकं धरून होतो. मागं बघायचं नसतं. पण मागून तो रडायला लागला, अगदी सुरुवातीच्या दिवसांसारखा, दाराला नख्या लावून. या वेळी त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मी वळून पाहिलंच. तोवर दगडासारखी बसलेली आई उठली, त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

'येतो म्हणाल्यात रं,' ती म्हणाली.

तो गप्प झाला. उंबऱ्यावर हनुवटी टेकून रस्त्याकडं बघत राहिला. मग आईनं हंबरडा फोडला.

त्यानंतर तो कधीच रडला नाही. मरेपर्यंत दिवसभर तिथंच पडून असायचा. रडला असता तर जवळ घेऊन समजूत काढली असती. वाट बघणाऱ्याला आम्ही काय सांगणार होतो?