सन्मानपत्राच्या मागची बाजू

निवृत्त गणितशिक्षकाने नातीसाठी मुद्दाम चुकीची बेरीज करावी, याहून मोठा त्याग नाही, असं मी बरीच वर्षं मानत होतो. परवा कपाट उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि बाबांचं निवृत्तीचं सन्मानपत्र हाती लागलं. पुढे सोनेरी अक्षरांत ‘ज्ञानमहर्षी’, मागे स्केचपेनने आखलेली पन्नास घरं. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. बेरीज म्हटली की रडायची, म्हणून बाबांनीच हा पट आखला होता. दोन फासे टाकायचे, ठिपक्यांची बेरीज करायची आणि शर्टाचं बटण तेवढी घरं पुढे न्यायचं. तिच्या बेरजाही बाबाच करायचे, कारण तिचे डोळे लगेच भरायचे. एका दुपारी बाबांनी फासे टाकले, “नऊ” म्हणाले आणि आपलं बटण नऊ घरं पुढे नेलं. ती फाशांवर वाकली, बोटांवर ठिपके मोजले आणि ओरडली, “आजोबा, चिटिंग! पाच आन् तीन आठ हुत्यात की! मास्तर असून चुकताय व्हय?” बाबांनी निमूटपणे बटण एक घर मागे घेतलं. त्यानंतर दोघांच्याही बेरजा तीच करू लागली. काल बाबांना पट दाखवून मी त्या त्यागाबद्दल विचारलं. ते म्हणाले, “कसला त्याग? त्या दिवशी चष्मा दुरुस्तीला दिलता.”