साडूंनी लिहून दिलेल्या बांगड्या

माझ्या साडूंइतका लोकांच्या डोळ्यांत डोळे घालणारा आणि तरीही लोकांना न ओळखणारा माणूस सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा सापडायचा नाही. सांगलीत त्यांचा डोळ्यांचा दवाखाना आहे. मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर असल्या सरळमार्गी दुखण्यांत त्यांना गोडी नाही. बुबुळावरच्या नाजूक पापुद्र्याला होणारे, चारचौघांना न होणारे विकार आले की मात्र त्यांना तहानभूक राहत नाही. शेजाऱ्याचं नाव त्यांना आजही ठाऊक नाही. "ते उजव्या डोळ्यात मांस वाढलेले" म्हणून ते त्याला ओळखतात. पाटणच्या एका लग्नात अक्षता पडत असताना हे थेट बोहल्यावर चढले आणि नवरदेवाला म्हणाले, "झोपेत तुमची डावी पापणी पुरती मिटत नाही. बायकोला लक्ष ठेवायला सांगा." माझ्या मेहुणीच्या डोळ्यांचं कौतुक त्यांनी उभ्या संसारात एकदाच केलं. "अश्रूंचा थर उत्तम आहे," असं म्हणाले. ती बिचारी अजून ते वाक्य माहेरी सांगते.

पांढरा कोट ते घालत नाहीत. सकाळी तासभर बाहेरच्या बाकावर पेशंटांमध्ये जाऊन बसतात. "आत आला की पेशंट शहाण्यासारखा वागतो," हे त्यांचं म्हणणं. मला हा विक्षिप्तपणाच वाटायचा, पण माझ्या मेढ्याच्या आत्याला तिथं घेऊन गेलो आणि माझं तोंड बंद झालं. यजमान गेल्यापासून आत्याचे डोळे लाल, सारखे झरायचे. गाव म्हणायचं, किती रडशील, आता पुरे. "मी रडत न्हाई रं," ती सांगायची, पण कुणी ऐकत नसे. दोन-तीन डॉक्टर झाले, थेंबांच्या बाटल्यांनी फळी भरली, आणि नजर मात्र धूसर होत चालली.

साडू बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले. दोघांची गाठ पूर्वी कधी पडलेली नव्हती, त्यामुळे आत्यानं त्यांना पेशंटच समजून चौकशी केली, "तुमास्नी काय होतंय?" साडू गंभीरपणे म्हणाले, "खुपतंय." आत्याला दया आली. "आवं, मग आसं करा," म्हणत तिनं पापणी खाली ओढली, पदराचं टोक डोळ्यात घातलं आणि चिकट पाण्याचा बारीक धागा अलगद बाहेर ओढला. "लय बरं वाटतं बगा!" साडूंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या मुलीच्या बारशालाही पाहिला नव्हता.

धागा ओढला की डोळा खरचटतो, खरचटला की नवा धागा धरतो, असा तो रोग होता. ओरखडे चिघळले तर नजर जाईल, असं साडूंनी स्पष्ट सांगितलं. आत्या घाबरली, पण तिचा हात तिच्या नकळतच वर जायचा. समजावून सांगत असतानाही दोनदा गेला. साडूंनी थोडा वेळ तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं आणि कागदावर थेंबांच्या खाली लिहिलं: काचेच्या बांगड्या, दोन्ही हात भरून. हात वर गेला की वाजतील आणि ध्यानात येईल.

"आवं, मालक गेल्यावर बांगड्या? गाव काय म्हनंल?"

"औषध आहे म्हणून सांगा."

"पलास्टिकच्या चालतील?"

"त्या वाजत नाहीत."

मेढ्यातल्या बांगडीवाल्या चाचांनी तो कागद वाचला आणि हिरवा चुडा काढला. आत्यानं मान खाली घालूनच हात पुढं केले. गावात कुजबुज झाली, पण डॉक्टरांच्या कागदापुढं कुणाचं काही चाललं नाही. दिवाळीनंतर दाखवायला गेलो तेव्हा डोळा स्वच्छ पांढरा झाला होता. हात वर जायची सवयही गेली होती. आत्यानं विचारलं, "आता उतरवू का?" विचारताना ती एका हातानं दुसरा हात घट्ट धरून बसली होती. साडू यंत्राआडून म्हणाले, "काही औषधं जन्मभर घ्यावी लागतात." जिन्यावर मी त्यांना हळूच विचारलं, हे खरं का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कोरड्या डोळ्यांचे थेंब लिहून दिले.

आत्या आता बरी आहे. एखादी बांगडी पिचली की स्वतःच बाजाराच्या दिवशी जाऊन भरून घेते. चाचा काही विचारत नाहीत, तरी ती आजूबाजूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणते, "डॉक्टरनी सांगितलंय." ते तिला अजून सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.