खिडकीखालची गल्ली

काशीत गंगा उलटी, उत्तरेकडे वाहते, आणि तिच्या काठची माणसंही काही बाबतींत जगाच्या उलटीच चालतात. दुसऱ्या गावांत दारावरून तिरडी निघाली की आई लेकराला ओढून घरात घेते. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतली बाई मात्र उंबऱ्यात भाजी निवडत बसलेली असते. ती पाय तेवढे आत घेते आणि निवडत राहते.

शरदिनी या गल्लीत सून होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पहिला महिनाभर तिने कानांत कापसाचे बोळे घातले होते. "राम नाम सत्य है" म्हणत माणसं खालून जात आणि तिच्या हातातली पोळी तव्यावर करपे. मग कापूस कधी सुटला, तिचं तिलाही कळलं नाही.

तिचा नवरा ढुंढिराज म्हणजे पिढीजात भिक्षुक. महाराष्ट्रातून अस्थी घेऊन येणाऱ्या यजमानांचे विधी तो घाटावर करतो, आणि वरच्या मजल्यावरची खोली त्यांच्या उतरण्यासाठी असते. विधी आटोपून माणसं घरी येत, तेव्हा त्यांना गरम जेवायला वाढणं आणि रडणाऱ्याजवळ बसणं हे शरदिनीकडे. कुणाला आधी पाणी द्यावं, कुणाला नुसतंच बसू द्यावं, हे तिला चेहरा पाहून कळे. गेलेला कशाने गेला हे ती कधी विचारत नसे. त्याला जेवायला काय आवडायचं, ते विचारी. मग माणूस बोलू लागे. तीस वर्षं हे केल्यावर आपल्याला दुःख कळतं असा तिला थोडा अभिमान झाला होता, आणि तो काही अगदीच खोटा नव्हता.

म्हणूनच शहराच्या दक्षिण टोकाच्या एका इस्पितळात, लहान मुलांच्या वॉर्डात, आईबापांशी बोलायला बाई हवी आहे असं कळल्यावर ती गेली. तिथल्या संस्थेने थोडं शिक्षण दिलं, गळ्यात घालायला कार्ड दिलं. वॉर्ड तिला दीदी म्हणू लागला. तिथली बरीच मुलं रक्ताच्या कर्करोगाची. औषध दोन-अडीच वर्षं चालतं, पण आईबाप मोडतात ते पहिल्या चार-सहा महिन्यांत. केस गेलेलं, तोंड आलेलं लेकरू पाहवत नाही, गावाकडून फोनवर कुणी वैद्य सुचवतं, आणि एके दिवशी खाट रिकामी दिसते. उपचार अर्ध्यात सुटले की आजार परत येतो, आणि मग औषधाला जुमानत नाही. ती खाट रिकामी होऊ न देणं, हे शरदिनीचं काम. चार वर्षं तिने ते केलं.

गेल्या हिवाळ्यात बकुळ आली. साताऱ्याकडची, तिशीच्या आतली. नवरा सुशांत रेल्वेत सिग्नलच्या कामावर, काशीपासून काही तासांवरच्या चोपनला. सहा वर्षांची ऋता आधी नुसती फिकी पडली, मग अंगावर निळे डाग उठले. सव्वीस दिवस पोर वॉर्डात होती. बकुळ जागची हलली नाही, रडली नाही, आणि मराठी बोलणारं माणूस मिळालं म्हणून शरदिनीला मावशी म्हणू लागली.

सत्ताविसाव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, दहा दिवस पोरीला बाहेर ठेवा, जरा हवा बदलेल. पण शहर सोडू नका. मधल्या गुरुवारी रक्त तपासायचं, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी शिरेतून पुढचं औषध. ते चुकवायचं नाही. इस्पितळाजवळच्या खोल्या भरलेल्या होत्या. शरदिनी लगेच म्हणाली, माझ्याकडे चल. मराठी घर आहे, वरणभात मिळेल.

तिने वरची खोली फिनेलने धुतली, पाणी उकळून ठेवलं, उशांचे अभ्रे बदलले. हवा खेळती राहावी म्हणून खिडकी सताड उघडली. ती खिडकी कुठे उघडते, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

रोज संध्याकाळी कामावरून आली की ती वर डोकावे. बरी आहेस ना, असं विचारी. हो मावशी, असं बकुळ म्हणे. ताटात अर्धं अन्न तसंच असे. शरदिनी म्हणे, थकवा आहे, उतरेल.

गुरुवारी शरदिनी नेहमीसारखी लवकर पुढे गेली, पण रक्त तपासायला त्या दोघी आल्याच नाहीत. दहा वाजले, अकरा झाले. बकुळचा फोन बंद. लतिका सिस्टर रजिस्टर घेऊन दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा हळूच म्हणाली, "दीदी, वो लोग चले तो नहीं गए?"

शरदिनी पिशवी उचलून तशीच निघाली. ताप चढला असेल का? वाटेत काही झालं असेल का? ई-रिक्षा गर्दीत मुंगीसारखी सरकत होती आणि ती मांडीवरची पिशवी मुठीत आवळून बसली होती. चौकात उतरून ती गल्ल्यांतून जवळजवळ धावतच निघाली. घराजवळच्या वळणावर समोरून तिरडी आली. ती सवयीने भिंतीला टेकली, हात जोडले, तिरडी गेली, ती पुन्हा धावू लागली. काही ऐकलं म्हणाल तर काही ऐकलं नव्हतं.

वर खोलीचं दार लोटलेलं होतं. खिडकी आतून घट्ट बंद. कपड्यांचं बोचकं बांधून भिंतीशी ठेवलेलं, आणि बकुळ त्याच्यावर हात ठेवून बसलेली. ऋता पलीकडे खेळत होती. तिला ताप नव्हता. शरदिनीने आधी तिच्या कपाळाला हात लावला आणि मग श्वास सोडला.

बकुळ म्हणाली, परवा हे येणार आहेत. रविवारच्या गाडीची गावाकडची तिकिटं काढलीत. घरचं पाणी पोरीला मानवेल.

शरदिनीने आपली सगळी विद्या काढली. पाणी दिलं, हात हातात घेतला, ऋताला जेवायला काय आवडतं ते विचारलं. त्या प्रश्नाला बकुळने हात काढून घेतला.

"मावशी, गेलेल्या माणसाबद्दल विचारतात ना, तसं विचारता तुम्ही."

शरदिनी ऋताकडे वळली. पोरीने पोळपाटावर बाहुली निजवली होती. तिच्या अंगावर केशरी रुमाल होता, आणि रुमालावरून दोरी गुंडाळली होती. पोळपाट दोन्ही हातांनी खांद्याशी धरून ती खोलीभर फिरत होती आणि एका सुरात म्हणत होती, राम नाम सत्य है.

"हे काय गं खेळतेस?"

"बाहुलीला नदीवर नेतेय. खालचे काका नेतात तसं. तिला बरं नाहीये ना."

बकुळने तोंडात पदर कोंबला.

मग तिने सांगितलं, तुटक तुटक. पहिल्या दिवशी ती मोजत होती. दुसऱ्या दिवशी मोजणं सोडलं. प्रत्येक आवाजाला तिचा हात आपोआप पोरीच्या छातीवर जाई, श्वास चालू आहे का बघायला. खिडकी लावली तर आवाज जिन्यातून येई. फुकटची खोली, आयतं जेवण, तक्रार कशी करायची? आणि काल ढुंढिराजकाका प्रसाद द्यायला वर आले होते. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, काळजी करू नकोस मुली, काशीत आलेल्याचं वाईट होत नाही. झालं, तरी मुक्तीच आहे.

"त्यांनी प्रेमानंच म्हटलं, कळतं मला. पण मला तिची मुक्ती नकोय. मला तिला शाळेत घालायचंय."

शरदिनी उठली आणि तिने खिडकी उघडली. खाली भुईवर बसली, गजांना डोकं टेकून. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ती ऐकत होती. एक तिरडी गेली. घोट दोन घोट चहाचा वेळ गेला असेल, तोच दुसरी. मग लागोपाठ दोन. बांबूची कुरकुर, चपलांचा आवाज, दमलेल्या माणसांचा तो एकसुरी घोष. पाचवीला तिला ते कापसाचे बोळे आठवले.

तिने खिडकी लावून घेतली.

"मला ऐकूच येत नव्हतं गं. माझी चूक झाली."

ती पुढे म्हणाली, मला गेलेल्यांच्या माणसांजवळ बसायची सवय आहे. जिचं लेकरू खेळतंय तिच्याजवळ कसं बसायचं, ते मला येतं असं वाटत होतं. बकुळचं सव्वीस दिवस वॉर्डात आणि सहा दिवस इथे अडवलेलं रडू एकदम सुटलं. शरदिनीने पाणी दिलं नाही की काही विचारलं नाही. थांब, जाऊ नकोस असंही म्हटलं नाही. एवढंच स्पष्ट सांगितलं, की आता औषध तुटलं तर आजार परत येऊ शकतो, आणि मग डॉक्टरांचे हात बांधले जातात. हे खरं आहे म्हणून सांगते. ठरवा तुम्ही दोघं. पण या खोलीत आता एक रात्रही राहायचं नाही.

शहराच्या दक्षिणेला, सुंदरपुरात तिच्या ओळखीच्या एक शिक्षिका होत्या, मुक्ताताई. त्यांची मागची खोली फोनवरच ठरली. खिडकीसमोर पेरूचं झाड आणि पलीकडे शाळेचं मैदान.

ढुंढिराजला सगळं सांगितलं तेव्हा तो जानवं चाळवू लागला. "मी आपलं धीराचं बोललो," एवढंच म्हणाला. मग उठून त्याने ते बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. तिरड्या कुठल्या गल्लीने येतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? सरळ वाट सोडून तो संकठेच्या देवळाकडून वळला, तिथून ठठेरी बाजाराकडे, पितळेच्या दुकानांमधून. मागून मास्क लावलेली ऋता बकुळच्या कडेवर, आणि शेवटी शरदिनी, कान पुढे लावून.

तरी चौकाच्या अलीकडे एक आलीच. लांबून घोष ऐकू आला आणि बकुळ जागीच थांबली. ढुंढिराजने वळून पाहिलं. बोचकं खाली ठेवलं, उपरण्याचा पडदा पोरीसमोर धरला आणि घाटावर मंत्र म्हणायचा तो खणखणीत आवाज लावला. "बे एके बे. बे दुणे चार. पुढे काय गं?"

"बे त्रिक सहा," ऋता पडद्याआडून म्हणाली.

भर बाजारात भटजी पाढे म्हणतोय हे पाहून एका पानवाल्याने विचारलं, का गुरु, अब इस्कूल खोले हो का? ढुंढिराज थांबला नाही. विसापर्यंत गेला, पुन्हा पहिल्यापासून आला. तिरडी केव्हा गेली ते पोरीला कळलं नाही. बकुळला कळलं, पण ती चालू लागली.

शुक्रवारी राहिलेलं रक्त तपासून झालं, शनिवारी सुशांत आला. रविवारी दिवसभर शरदिनीने फोन हातात घेतला आणि ठेवला. विचारलं तर ओढल्यासारखं होईल, नाही विचारलं तर गाडी सुटेल. खालून घोष आला की तिचा हात थांबे. आता तो तिला दर वेळी ऐकू येई.

सोमवारी नऊच्या आधीच ती वॉर्डाच्या दाराशी उभी होती. साडेनऊ झाले. लतिका सिस्टरने औषधाची बाटली काढू की थांबू असं नजरेनेच विचारलं. शरदिनीने हाताने थांब म्हटलं. लिफ्ट उघडे, दुसरीच माणसं बाहेर येत. पावणेदहाला जिन्याकडून आवाज आला, लहान आणि घाईचा. तीन साता एकवीस, तीन आठे चोवीस.

पुढे ऋता, मागे सुशांत, त्याच्या मागे बकुळ. बकुळचे डोळे सुजलेले होते.

"तिकिटं परत केली," ती म्हणाली. "पण भीती गेली नाही मावशी. बघा, हात कसे कापतायत."

"कापू देत," शरदिनी म्हणाली आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली. तिचेही कापत होते.